हापूसला उसाचा उतारा

एक कोडं घालतो. १९०० च्या आसपास लंडनमधल्या एखाद्या चांगल्या वाइन व्यापाऱ्याचं दरपत्रक तुम्ही उघडलं असतं, तर ऱ्हाइनकाठच्या उत्तम बाटल्या बोर्दोच्या नामांकित बाटल्यांच्या शेजारी दिसल्या असत्या. भाव साधारण तोच, कधी कधी त्याहून वरचा. आता ऐंशी वर्षं पुढे या. लंडन तेच, पण जर्मन वाइन म्हणजे सुपरमार्केटमधल्या खालच्या फळीवरची स्वस्त आणि गोडमिट्ट बाटली. नदी तीच, डोंगर तेच, माणसंही त्याच घराण्यांतली. मग मधल्या काळात झालं काय?

'दोन महायुद्धं' हे सोपं उत्तर आहे. पण युद्धं फ्रान्सनेही पाहिली, आणि बोर्दोचा भाव काही पडला नाही.

हा किडा माझ्या डोक्यात शिरला तो घराजवळच्या वाइनच्या दुकानात. प्रोजेक्टमुळे सध्या मुक्काम फ्रांकफुर्टला आहे. आमच्या गल्लीतल्या दुकानात महिन्यातून एका शनिवारी पाच-सहा बाटल्या उघडतात. थोडे युरो द्यायचे, पाव आणि चीज मिळतं, आणि दुकानाचे साठीतले मालक प्रत्येक घोटाबरोबर थोडं व्याख्यान देतात. एका शनिवारी त्यांनी मोझेल नदीकाठच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींवर 'पीसपोर्टर' म्हणजे पीसपोर्ट गावची असं लिहिलेलं. एकीवर त्यापुढे 'गोल्डट्रॉप्फशेन', दुसरीवर 'मिशेल्सबेर्ग'. किमतीत जवळजवळ चौपट फरक.

पहिलीला हिरव्या सफरचंदाचा आणि पावसात भिजलेल्या दगडाचा वास होता. जिभेवर आधी गोडवा, मग लगेच लिंबासारखी आंबट धार, आणि चव बराच वेळ रेंगाळणारी. दुसरी म्हणजे साखरपाणी. वाईट नाही, पण घोट गिळला की संपलं.

"दोन्हींवर एकाच गावाचं नाव कसं?" मी विचारलं.

"कायदा," ते म्हणाले, आणि पुढची बाटली उघडायला लागले.

एवढ्यावर इंजिनिअरचं समाधान होतंय होय! घरी येऊन वाचत बसलो. त्यात जे सापडलं ते सांगतो.

आधी थोडा भूगोल

५० अंश उत्तर अक्षांशाची रेषा ऱ्हाइनगाऊ या जर्मनीतल्या सगळ्यात नावाजलेल्या वाइनच्या पट्ट्यातून जाते. आपलं नाशिक आहे २० अंशांवर. इतक्या उत्तरेला द्राक्षाची वेल जगते हेच नवल. नाशिकच्या बागायतदाराला अवकाळी पावसाची आणि गारपिटीची धास्ती. इथल्या शेतकऱ्याला शेकडो वर्षं त्याहून मूलभूत काळजी होती, की यंदा द्राक्षं पिकतील तरी का?

म्हणून इथे चांगली जमीन म्हणजे जास्त ऊन खाणारी जमीन. नदीच्या वळणावरचा, दक्षिणेकडे तोंड केलेला उभा कडा. खालून पाण्यावरून उजेड परततो. मोझेलकाठी तर कडे आहेत स्लेटचे, म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीचा दगड. तो दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब वेलींना देतो. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट नावाचा कडा काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत चढतो. जिना साधारण ३०-३५ अंशांचा असतो, त्यावरून अंदाज करा. तिथे ट्रॅक्टर जात नाही. सगळं काम हातांनी.

आणि अशा जागी हे लोक फार जुन्या काळापासून राबताहेत. मोझेलवरचं ट्रिअर हे रोमन साम्राज्याचं मोठं शहर. ऑसोनियस नावाच्या रोमन कवीने ३७१ च्या सुमारास या नदीवर अख्खं काव्य लिहिलं, त्यात काठावरच्या मळ्यांचं वर्णन आहे. ११३६ साली ऱ्हाइनगाऊमध्ये एबरबाखचा मठ स्थापन झाला, आणि तिथल्या सिस्टर्शियन साधूंनी कुठल्या तुकड्यात काय चांगलं येतं याचा पिढ्यान् पिढ्या अभ्यास केला. १४३५ सालच्या एका हिशेबात रीसलिंगच्या वेलींसाठी २२ शिलिंग दिल्याची नोंद सापडते. रीसलिंगचा हा सगळ्यात जुना लेखी उल्लेख. गाव रुसेल्सहाइम, म्हणजे पुढे ओपेल गाड्यांचा कारखाना जिथे निघाला ते. वाइनचा एवढा मोठा वारसा, आणि पहिला पुरावा म्हणजे खर्चाचं व्हाउचर :)

१७२० साली योहानिसबेर्गच्या टेकडीवर फुल्डाच्या धर्मसत्तेने जवळजवळ तीन लाख वेली लावल्या, बहुतेक रीसलिंगच्या. तिथलीच १७७५ ची गोष्ट प्रसिद्ध आहे. तोडणी सुरू करायची परवानगी फुल्डाहून यायची. त्या वर्षी परवानगी आणणारा घोडेस्वार कित्येक दिवस उशिरा पोचला. तोवर द्राक्षं घडावरच सुकायला, कुजायला लागली होती. नाइलाजाने तोडली, आणि वाइन निघाली अमृतासारखी. म्हणून उशिरा तोडलेली ती 'श्पेटलेझे'. गोष्टीला थोडं मीठमसाला लागला असणार, पण त्या घोडेस्वाराचा पुतळा तिथे आजही उभा आहे. अप्रूव्हल लेट झाल्यामुळे प्रोजेक्ट यशस्वी झाल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण.

जागेची किंमत

नेपोलियननंतर, १८१५ मध्ये मोझेलचा प्रदेश प्रशियाकडे गेला. सुरुवातीला आयातकरामुळे शेतकऱ्यांना संरक्षण मिळालं. पण १८३४ मध्ये जर्मन राज्यांचा जकात संघ झाला, दक्षिणेकडची स्वस्त वाइन बिनकराची येऊ लागली, आणि मोझेलचे शेतकरी कर्जात बुडाले. ट्रिअरमध्येच जन्मलेला एक तरुण संपादक कोलोनच्या वर्तमानपत्रात त्यांच्या हालांबद्दल लिहू लागला. सरकार चिडलं, आणि १८४३ च्या मार्चअखेर ते वर्तमानपत्रच बंद पडलं. संपादकाचं वय २४, नाव कार्ल मार्क्स. आर्थिक प्रश्नांकडे आपण पहिल्यांदा वळलो त्यामागे जी प्रकरणं होती, त्यांत मोझेलच्या शेतकऱ्यांचंही होतं, असं त्याने पुढे १८५९ मध्ये लिहून ठेवलंय.

याच प्रशियाने एक कामाची गोष्टही केली. १८६८ मध्ये सार आणि मोझेलच्या मळ्यांचा नकाशा छापला. जमिनीच्या उत्पन्नावर कर बसायचा, त्यामुळे कुठल्या तुकड्यातून किती पैसा निघतो हे सरकारला पक्कं ठाऊक होतं. जास्त कराचे मळे गडद रंगात, कमी कराचे फिकट. करवसुलीसाठी का होईना, पण नकाशा तयार झाला, आणि व्यापाऱ्यांनी तोच दर्जाचा नकाशा म्हणून वापरला. हीच ती भरभराटीची वर्षं. त्या काळात बाटलीचा भाव ठरायचा तो मळ्याच्या नावावर. हे मळा प्रकरण आपल्याला समजवायला नको. देवगडचा हापूस म्हटलं की पुढचं बोलावं लागत नाही.

ओक्सलेसाहेबांची काडी

आता दुसरा धागा. फोर्ट्सहाइम गावात फर्डिनांड ओक्सले (१७७४–१८५२) नावाचा सोनारकामातला, यंत्रांत डोकं चालणारा माणूस होता. त्याने द्राक्षाच्या रसात बुडवायचं एक मापक बनवलं. तत्त्व अगदी सोपं. एक लिटर पाण्याचं वजन १००० ग्रॅम. एक लिटर रस १०८० ग्रॅम भरला, तर तो ८० अंश ओक्सले. जास्तीचं वजन मुख्यतः साखरेचं. म्हणजे काडी बुडवा, द्राक्षं किती पिकली ते आकड्यात वाचा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा आकडा रसातल्या साखरेचा आहे, वाइनमधल्या नव्हे. रस आंबताना यीस्ट साखर खाऊन तिचं अल्कोहोल करतं. त्यामुळे ९० अंशांच्या रसाची वाइन गोडही निघू शकते आणि अगदी कोरडीही.

ज्या देशात द्राक्षं पिकणं हीच मारामार, तिथे हा आकडा सोन्यासारखा. त्यातून दर्जाच्या पायऱ्या ठरत गेल्या. काबिनेट, मग श्पेटलेझे, मग औसलेझे म्हणजे निवडून तोडलेले घड, आणि वर आणखी दोन-तीन. काडी तशी निरुपद्रवी होती. जोवर ती जागेच्या जोडीला होती, तोवर.

१९७१

आपल्याकडे ऊस कारखान्याला जातो तेव्हा उतारा बघतात. टनामागे साखर किती निघते, त्यावर एफआरपी ठरते. बरोबरच आहे, कारखान्याला साखरच हवी असते. पण पाडव्याला पेटी घेताना हापूसचा उतारा कोणी विचारतं का?

१९७१ च्या वाइन कायद्याने जर्मनीने नेमकं हेच केलं. दर्जाची वरची पायरी कोणाला, तर ज्याच्या रसात ओक्सलेचे अंश जास्त त्याला. प्रदेश आणि जातीनुसार काबिनेटला साधारण ६७ ते ८२ अंश, श्पेटलेझेला ७६ ते ९०, औसलेझेला ८३ ते १००, असे आकडे लिहून दिले. कड्यावर घाम गाळून पिकवलेली रीसलिंग आणि सपाट शेतातली दुसरी कुठलीही द्राक्षं, कागदावर सारखी. जर्मन राज्यकर्त्यांची नियत वाईट नव्हती. युद्धानंतरच्या पिढीला सरंजामी काळाच्या मळ्यांचा तोरा नको होता. कुठल्याही शेतकऱ्याला, कुठल्याही वर्षी, वरची पायरी गाठता यावी, हा विचार लोकशाहीचा होता. शिवाय आकडा मोजता येतो, त्यावर वाद होत नाही. आपल्या अप्रेझलमध्ये बंद केलेली तिकिटं मोजतात ना, तसंच. मोजायला सोपं म्हणून मोजायचं, आणि हळूहळू तेच काम होऊन बसतं.

दुसरा घाव नावांवर. तोवर जर्मनीत मळ्यांची तीसेक हजार नावं होती. गोंधळ होताच. कायद्याने लहान मळे एकत्र करून ती सुमारे २,६०० वर आणली. एखाद्या डाटाबेसची साफसफाई करावी तशी. पण त्या साफसफाईत कितीतरी उत्तम तुकडे शेजारच्या सुमार तुकड्यांत विरघळले. वर 'ग्रोसलागे' नावाचे मोठे गट केले, ज्यांत अनेक गावांचे मळे एकत्र. आणि लेबलवर त्यांची नावं लिहायची पद्धत मळ्यासारखीच ठेवली, आधी गाव मग नाव.

आता दुकानातलं कोडं सुटलं. 'गोल्डट्रॉप्फशेन' म्हणजे पीसपोर्टच्या डोक्यावरचा स्लेटचा कडा. 'मिशेल्सबेर्ग' म्हणजे आजूबाजूच्या अनेक गावांचा गट. त्या बाटलीतल्या द्राक्षांनी पीसपोर्ट पाहिलेलंच असेल असं नाही. कर्नाटकातल्या आंब्याच्या पेटीवर देवगडचा शिक्का मारला तर आपण त्याला फसवणूक म्हणतो. इथे तो शिक्का कायद्यानेच दिला होता, आणि लेबल वाचून गिऱ्हाइकाला फरक कळायचा काही मार्ग ठेवला नव्हता.

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. रीसलिंग उशिरा पिकते, कमी लागते, कडा मागते. मग ती कोण लावतो? म्युलर-थुर्गाउ लवकर पिकते आणि भरपूर लागते. ऑप्टिमा, ओर्टेगासारख्या संकरित जातींत साखर पटकन चढते. सपाट जमिनीत यंत्राने तोडता येते. शेतकरी त्याच्या जागी शहाणपणानेच वागला, मोजमाप ज्याचं होतं ते त्याने पिकवलं. १९७० आणि ८० च्या दशकांत बराच काळ म्युलर-थुर्गाउ हीच जर्मनीत सगळ्यात जास्त लागवडीची जात होती.

निळ्या जोगिणी आणि एक हेर

याच काळात जर्मन वाइनचा जगाला दिसलेला चेहरा म्हणजे 'ब्लू नन'. ही वाइन 'लीबफ्राउमिल्श' प्रकारातली. हे नाव मुळात वर्म्स शहरातल्या एका चर्चभोवतीच्या छोट्या मळ्याचं. पुढे ते पसरत पसरत ऱ्हाइनकाठच्या कुठल्याही सौम्य, गोडसर वाइनला लागलं. माइन्त्सच्या झिखेल या ज्यू व्यापारी घराण्याने १९२३ मध्ये 'ब्लू नन' बाजारात आणली. लेबलवर निळ्या पोशाखातल्या जोगिणी, नाव कुणालाही उच्चारता येईल असं. मार्केटिंग म्हणून बघा, काय डोकं आहे!

जर्मनीतल्या वाइन व्यापारात ज्यू व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. चांगल्या मळ्यांची नावं परदेशात नेणारं, त्यांची पारख असलेलं हे जाळं नाझींनी उद्ध्वस्त केलं. झिखेल घराण्यालाही देश सोडावा लागला. त्यातला पीटर झिखेल, जन्म १९२२, फ्रान्समार्गे १९४१ मध्ये अमेरिकेला पोचला, सैन्यात भरती झाला, आणि युद्धानंतर बर्लिन आणि हाँगकाँगमध्ये सीआयएचा वरिष्ठ अधिकारी होता. सीआयए सोडून १९६० मध्ये त्याने घरचा धंदा हाती घेतला आणि ब्लू नन जगभर पोचवली. १९८४-८५ मध्ये एकट्या अमेरिकेत वर्षाला सुमारे साडेबारा लाख खोकी जायची. २०२५ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी तो वारला.

ब्लू ननला शिव्या घालायची फॅशन आहे, पण तिच्या काळात ती नीट बनवलेली वाइन होती. गडबड केली ती तिच्या मागून आलेल्या शेकडो नकलांनी. यीस्ट गाळून टाकणारी निर्जंतुक गाळणी आता सर्रास होती. म्हणजे पाणचट वाइनमध्ये थोडा गोड रस मिसळा, गाळा, भरा, बाटलीत ती पुन्हा आंबणार नाही. पूर्वी गोडवा म्हणजे उशिरापर्यंत थांबण्याचा धोका पत्करल्याची खूण. आता तो सगळ्यात स्वस्त माल झाला.

१९८५ मध्ये कडेलोट झाला. ऑस्ट्रियातल्या काही व्यापाऱ्यांनी वाइन दाट आणि उंची लागावी म्हणून तिच्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन घातल्याचं उघड झालं. तो माल मोठ्या प्रमाणात जर्मनीत येत होता, आणि काही जर्मन बाटल्यांतही ते सापडलं. कोणी मेलं नाही, पण दोन्ही देशांचं नाव गेलं. गोड आणि दाट म्हणजे उत्तम असं गिऱ्हाइकाला शिकवलं, की कोणीतरी ते रसायनाने करून दाखवणारच.

कड्यावरची माणसं

या सगळ्याची किंमत व्यापाऱ्यांपेक्षा कड्यावरच्या कुटुंबांनी जास्त मोजली. सपाट शेताच्या कितीतरी पट तास तिथे लागतात. बाटली त्याच भावाने विकायची असेल तर मुलगा कशाला राहील? मोझेलच्या खोऱ्यात १९९० च्या सुमारास बारा हजार हेक्टरांहून जास्त द्राक्षं होती, आज नऊ हजारांहून कमी आहेत. सोडलेले मळे नदीवरून दिसतात. आधी गवत, मग काटेरी झुडपं, आणि दगडी बांध ढासळलेले. ते बांध बांधायला शतकं लागली. एकदा पडले की पुन्हा कोण बांधणार?

गंमत म्हणजे ज्या थंडीमुळे ओक्सलेची काडी इतकी मोलाची झाली, ती थंडीच आता ओसरतेय. द्राक्षं जवळजवळ दरवर्षी पिकतात. आइसवाइनसाठी द्राक्षं वेलीवरच उणे ७ अंशांना गोठावी लागतात. २०१९ च्या हंगामात अख्ख्या जर्मनीत ती कुठेच निघाली नाही. साखर सगळ्यांकडेच भरपूर असेल, तर साखरेवरून दर्जा कसा ठरवणार?

म्हणून गाडी पुन्हा जागेकडे वळली. चांगल्या उत्पादकांची व्हीडीपी ही संघटना १९१० पासूनची. २०१२ मध्ये तिने प्रदेश, गाव, पहिल्या दर्जाचा मळा आणि सर्वोत्तम मळा अशी स्वतःची चार पायऱ्यांची उतरंड लावली. ती आखताना १८६८ सारखे जुने नकाशे उपयोगी पडले. २०२१ च्या नव्या नियमांनी सरकारनेही तेच तत्त्व धरलं. जागा जितकी नेमकी, तितका दर्जा वरचा. जुन्या पद्धतीच्या लेबलांना २०२५ च्या हंगामापर्यंत मुदत दिली. त्यापुढे 'मिशेल्सबेर्ग'सारख्या गटांना गावाच्या नावाआड लपता येणार नाही, लेबलवर 'रेगिओन' असं लिहावं लागेल. पंचावन्न वर्षं लागली एक बग फिक्स करायला!

तर मंडळी, जर्मन बाटली हातात आली तर घाबरू नका. 'ट्रोकन' लिहिलं असेल तर कोरडी. नसेल, तर अल्कोहोल बघा. ८-९ टक्के असेल तर गोडवा शिल्लक आहे, १२ च्या वर असेल तर बहुधा कोरडी. गळ्यावर घड घेतलेल्या गरुडाचं चिन्ह असेल तर ती व्हीडीपीवाल्यांची. आणि गावाच्या नावापुढे काय लिहिलंय ते गूगल करून बघा. तो एक कडा आहे की अर्धा तालुका, एवढं कळलं तरी पुरे. कड्याची निघाली आणि खिशाला परवडत असेल, तर दोन पैसे जास्त द्या. त्या पैशांवर तिथला एखादा बांध अजून काही वर्षं टिकेल.

फ्रांकेनच्या चपट्या, पखालीसारख्या बाटलीची गोष्ट राहिलीच. ती पुन्हा एखाद्या शनिवारी.